गरोदरपणाचे ॲप आणि हातातले कार्ड: नागपुरातील पहिलटकरणींसाठी मार्गदर्शक

१० जून २०२५ च्या सकाळी माझ्या मोबाइलवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले आणि त्यांच्यामागून ‘अभिनंदन! बाळाच्या आगमनाचा दिवस उजाडला’ अशी पाटी सरकत आली. मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते, पावसाचा पत्ता नव्हता, मानेवाड्याच्या आमच्या घरी सासूबाई कूलरमध्ये पाणी भरत होत्या आणि पोटातले बाळ अगदी निवांत होते. ती पाटी सासूबाईंनीही वाचली. दुपारपर्यंत घरातल्या तीन मोठ्या माणसांचे एकमत झाले की, तारीख भरली आहे, आता दवाखान्यात भरती होऊन कळा आणवून घ्याव्यात. माझ्या फाइलवर मात्र डॉक्टरांनी नोव्हेंबरातच १९ जून ही तारीख लिहून ठेवली होती. ती ॲपमध्ये भरायची माझ्याकडून राहून गेली, एवढाच त्या दिवसाच्या गोंधळाचा उगम. बाळ १७ तारखेला आले.

मी डॉक्टर नाही. एका खासगी कार्यालयात हिशेब लिहिते. आमच्या कामात खातेवही आणि बँकेचे पासबुक यांत फरक पडला तर दुरुस्ती खातेवहीत होते, पासबुकात होत नाही. गरोदरपणाचे ॲप वापरताना हाच नियम लावावा, असे माझे मत आहे. सरकारी केंद्रातून मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड आणि तुमच्या डॉक्टरांची फाइल हे मूळ. ॲप ही तुमच्या सोयीची नक्कल. खालचे सगळे टप्पे या एका नियमाभोवती आहेत.

हाताशी काय असावे

- माता व बाल संरक्षण कार्ड. नोंदणी आशाताई, अंगणवाडीताई किंवा महानगरपालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टर यांच्याकडे होते. खासगी दवाखान्यात नाव घातले असले, तरी हे कार्ड काढून घ्यावे.
- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते.
- आतापर्यंतचे सर्व सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल, तारखेच्या क्रमाने लावलेले.
- शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आणि आधीच्या सहा महिन्यांतील पाळ्यांच्या तारखा, आठवत असतील तेवढ्या.
- दंडाला पट्टा बांधून मोजणारे बीपीचे यंत्र, डॉक्टरांनी घ्यायला सांगितले असेल तरच.
- स्वतःचा मोबाइल. घरात एकच मोबाइल असेल, तर तिसरा टप्पा आधी वाचावा.

१. ॲप निवडणे

या कामासाठी फार वेळ घालवू नये. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच उतरवावे. व्हॉट्सॲपवर ‘गर्भवतींना सहा हजार रुपये’ अशा मजकुरासोबत आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल) कोणी कितीही विश्वासाने पाठवलेली असो, उघडू नये; अशा फाइलमधून मोबाइलचा ताबा जातो आणि खाते रिकामे होते. चुकून उघडली गेलीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

ॲप उघडल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख थेट भरता येते का. दुसरी, वजन किलोमध्ये आणि साखर मिलिग्रॅममध्ये नोंदवता येते का. परदेशी ॲपमध्ये पौंड आणि मिलिमोल ही एकके असतात, आणि मिलिमोलमधला ७ हा आकडा आपल्या अहवालातील सुमारे १२६ इतका होतो, हे माहीत नसेल तर माणूस उगाच निर्धास्त किंवा उगाच घाबराघुबरा होतो. तिसरी, नोंदींची पीडीएफ काढता येते का.

‘सात दिवस मोफत’ या पाटीखाली बहुधा यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापण्याची, परवानगी मागितली जाते. ॲप मोबाइलमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही; ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शन विभागात जाऊन आणि यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते. माझे दोन महिन्यांचे पैसे असेच गेले, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईचे गेले म्हणून घरात अजून ऐकवले जाते. मोफत सुविधा पुरतात.

२. तारीख बरोबर भरणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक ॲप शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मिळवून तारीख काढतात. हाताने काढायची झाली तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत, त्या फारशा चुकत नव्हत्या. या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: पाळी दर २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. माझी पाळी ३६-३७ दिवसांची. बीज जितके उशिरा सुटते तितके बाळाचे वय ॲपच्या हिशेबापेक्षा कमी असते.

माझी शेवटची पाळी ३ सप्टेंबर २०२४ ची. तारीख पक्की आठवण्याचे कारण असे की, तो तान्हा पोळ्याचा, मारबतीचा दिवस होता. महाल भागात मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते आणि मी पोटदुखीने अर्धी सुट्टी टाकून घरी आले होते. ॲपने १० जून ही तारीख दिली. १९ नोव्हेंबरला, म्हणजे पाळीच्या हिशेबाने बरोबर ११ आठवडे झाले असताना, सोनोग्राफी झाली. बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून वय ९ आठवडे ५ दिवस निघाले. पहिल्या तिमाहीतील ही मोजणी सर्वांत भरवशाची मानतात. नवव्या आठवड्यानंतर चौदावा पूर्ण होण्याच्या आत केलेल्या सोनोग्राफीत पाळीच्या हिशेबाशी सात दिवसांहून अधिक फरक दिसला, तर डॉक्टर साधारणपणे तारीख बदलतात. माझा फरक नऊ दिवसांचा होता, म्हणून १९ जून. फरक सात दिवस किंवा त्याहून कमी असेल तर पाळीचीच तारीख कायम राहू शकते. पुढच्या महिन्यांतील प्रत्येक सोनोग्राफीत थोडी वेगळी तारीख छापून येते. तिच्यामागे धावून ॲपमधील तारीख दर वेळी बदलू नये, कारण ती बाळाच्या वाढीची निशाणी असते आणि ठरलेली तारीख ही पहिल्या तिमाहीचीच राहते.

येथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक: ॲपमध्ये प्रसूतीची तारीख बदलली की काही ॲप पाळीची तारीख आपोआप पुढे सरकवतात. त्या गोंधळानंतर मी १९ जून भरली, तेव्हा माझ्या ॲपमध्ये पाळीची तारीख १२ सप्टेंबर झाली. ही हिशेबापुरती मानलेली तारीख आहे. सरकारी अर्जावर, कार्डावर किंवा सोनोग्राफी केंद्रात कोणी ‘शेवटची पाळी कधी?’ असे विचारले, तर खरी तारीखच सांगावी. एका कागदावर ३ आणि दुसऱ्यावर १२ असे झाले की, योजनेचा अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो.

दुसरी चूक: ‘विसावा आठवडा’ आणि ‘वीस आठवडे’ यांत फरक आहे. ॲप म्हणते, ‘तुम्ही विसाव्या आठवड्यात आहात’. अहवालात लिहिलेले असते, ‘१९ आठवडे ३ दिवस’. दोन्ही एकच. वाढ मागे पडली, असा अर्थ काढून रात्र जागून काढू नये. दवाखान्यात नेहमी पूर्ण झालेले आठवडे आणि वर किती दिवस, असेच सांगावे. घरी सातवा लागला की आठवा, यावर बसणारी बैठक वेगळी. तिथे ॲप उघडूच नये, कारण महिने मोजण्याची रीत प्रत्येक ॲपची निराळी असते.

तिसरी चूक: अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०३/०९ म्हणजे ३ सप्टेंबर की ९ मार्च, हे पीडीएफ काढताना एकदा डोळ्यांखालून घालावे.

आणि एवढे सगळे नीट भरूनही नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे थोडीच असतात. ३७ पूर्ण आठवड्यांनंतर बॅग भरून ठेवावी.

३. परवानग्या आणि गुप्तता

दिवस राहिल्याचे आम्ही तिसरा महिना संपेपर्यंत कोणाला सांगायचे नाही, असे ठरवले होते. नवव्या आठवड्यात एका संध्याकाळी घरच्या टीव्हीवर कीर्तन सुरू असताना मध्येच पाळण्याची जाहिरात आली, मग लंगोटांची, मग पोटावरच्या व्रणांच्या मलमाची. टीव्हीवर माझेच खाते लावलेले होते. सासूबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि फक्त माझ्याकडे पाहिले. बातमी गोड होती म्हणून निभावले. प्रत्येकीच्या घरी ती तशीच घेतली जाईल, असे नाही.

ही माहिती कुठे जाऊ शकते, याचे एक जाहीर उदाहरण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लो या ॲपच्या कंपनीशी तडजोड केली. गुप्ततेचे आश्वासन देऊनही स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक आणि गुगलसह इतर कंपन्यांकडे पोहोचवली, असा आयोगाचा आरोप होता. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, परंतु घराची कडी आपणच लावलेली बरी.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या उघडाव्यात. ठिकाण, संपर्कयादी आणि मायक्रोफोन या तिन्ही बंद केल्याने आठवड्यांच्या हिशेबाचे काहीही अडत नाही. अँड्रॉइडवर गुगलच्या जाहिरात विभागात जाहिरात ओळख (जाहिरातदारांना तुमचा मोबाइल ओळखू देणारा क्रमांक) पुसून टाकता येते. आयफोनवर ट्रॅकिंगची परवानगी नाकारता येते. नाव भरताना टोपणनाव चालते. आधार क्रमांक, नवऱ्याचा पगार किंवा जात विचारणारे गरोदरपणाचे ॲप मिळाले, तर त्याच क्षणी काढून टाकावे.

एकच मोबाइल घरात फिरत असेल, तर ॲपला वेगळा पिन घालावा आणि पडद्यावरील सूचनांमधला मजकूर लपवावा. तेही जमत नसेल तर ॲपचा हट्ट सोडून दहाव्या टप्प्यातील ‘किलकारी’ ही फोनवर ऐकायची सेवा वापरावी.

४. तपासण्यांची यादी: परदेशी वेळापत्रकावर नागपूरची दुरुस्ती

ॲपमध्ये आधीपासून भरलेले वेळापत्रक बहुधा परदेशी असते. ते पुसून कार्डावरचे आणि डॉक्टरांचे भरावे. माझ्या ॲपमधील आठवणी शेवटी अशा होत्या: पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत, एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागील पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखरेची तपासणी, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी लशीचे दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमाराची अँटी-डी इंजेक्शनाची आठवण स्वतंत्र घालावी. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे, तोही कॅलेंडरमध्ये कायमचा लावून टाकावा.

एनटी स्कॅनची खिडकी अरुंद आहे. नऊ दिवसांनी चुकलेल्या तारखेवर ती ठरवली असती, तर मी एकतर फार लवकर गेले असते किंवा दुसरी खेप पडली असती. दुसरा टप्पा इतका लांबवण्याचे हेही एक कारण.

आता जे कोणत्याही परदेशी ॲपने मला ठळकपणे विचारले नाही, त्याबद्दल. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुण अनेक कुटुंबांत आहे आणि वाहक स्त्रीला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसल्याने तो गरोदरपणातील तपासणीतच पहिल्यांदा कळतो. आई वाहक निघाली तर बाळाच्या वडिलांचीही तपासणी लगेच करावी लागते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि गर्भाची तपासणी करायची की नाही, हे वेळेत ठरवावे लागते. म्हणून पहिल्या रक्ततपासणीतच ‘सिकलसेल झाले का?’ असे स्वतः विचारावे. डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नाव घातले असेल, तर केसपेपरवर त्याची नोंद आहे का, हे पाहावे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. ॲपमध्ये यासाठी रकाना नसतो. मी टिपणाच्या जागेत पहिल्याच ओळीवर दोघांचा अहवाल लिहून ठेवला होता.

५. सोनोग्राफीला जाताना

केंद्रावर ओळखपत्र मागतात आणि फॉर्मवर तुमची सही घेतात. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. हा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. काही ॲपमध्ये तारखेवरून, चिनी तक्त्यावरून किंवा ठोक्यांच्या गतीवरून ‘मुलगा की मुलगी’ सांगणारा खेळ असतो. त्यात शास्त्र काडीचे नाही, आणि आपल्या घरांमध्ये त्याला खेळ म्हणून घेतील याची खात्री नाही. तो विभाग लपवता येत असेल तर लपवावा. येत नसेल तर दुसरे ॲप शोधावे.

६. गोळ्यांच्या आठवणी

ॲपचा खरा उपयोग मला येथेच झाला. पहिल्या तिमाहीत फोलिक ॲसिड, दुसऱ्यापासून लोह आणि कॅल्शियम, असे सरकारी केंद्रात साधारणपणे देतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले की लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोन वेगळे गजर लावावेत. माझे कॅल्शियम जेवणासोबत असे आणि लोहाची गोळी दुपारी चारला, संत्र्याच्या दोन-चार फोडींबरोबर. ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते आणि हिवाळ्यात नागपुरात संत्र्याची ददात नाही. चहा मात्र गोळीपासून तास-दोन तास दूर ठेवावा लागला, ही माझी सर्वांत मोठी तपश्चर्या.

गजर वाजला आणि गोळी घेतली नाही, तरी ‘घेतली’ असे दाबण्याचा मोह होतो. मी दोन आठवडे तो केला. ॲपमध्ये हिरव्या खुणांची रांग लागली आणि हिमोग्लोबिन ९.८ आले; गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. सिकलसेल असलेल्या स्त्रियांनी लोहाची गोळी केवळ ॲपने सांगितले म्हणून सुरू करू नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ॲपमधील दुकानातून पावडरी आणि पूरक गोळ्या कोणीच मागवू नयेत.

७. आहार आणि वजन

परदेशी ॲपच्या याद्यांत केल, ब्लूबेरी आणि सॅमन येतात. त्या वाचून आपल्याकडे काही कमी आहे असे वाटून घेण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, तुरीचे वरण, अंडे, वर लिंबू आणि मूठभर सांबार, यातून बहुतेक गरज भागते. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) सावजी रस्सा निषिद्ध नाही, परंतु शेवटच्या तिमाहीत छातीतल्या जळजळीची नोंद करण्याचा रकाना त्याने भरून जातो.

वजनाचा आलेख बहुधा अमेरिकी शिफारशीवर बेतलेला असतो. तेथे मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी साडेअकरा ते सोळा किलो वाढ योग्य धरतात. आपल्याकडे साधारण दहा ते बारा किलो सांगतात. माझी रेघ सतत पट्ट्याच्या खाली राहिली आणि ॲप दर सोमवारी लाल होत गेले. डॉक्टरांनी कार्डावरचे वजन आणि पोटाची उंची पाहून ‘उत्तम’ म्हटले. त्या दिवशी मी वजनाच्या सूचना बंद केल्या.

८. उन्हाळा

शेवटचे महिने एप्रिल ते जूनमध्ये येत असतील, तर ॲपचे ठरावीक आकडे येथे पुरत नाहीत. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दिवसाला आठ पेले पाण्याची आठवण अपुरी पडते. मी दर तासाची आठवण लावली आणि ताक, लिंबूपाणी, पन्हे असे बदलून पीत गेले. साखर वाढलेली असेल तर पन्ह्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे, हे समजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पावले मोजणारा विभाग दुपारी ‘आज तुम्ही मागे आहात’ असे म्हणतो. त्याचे ऐकून ऊन उतरण्याआधी बाहेर पडू नये. अंबाझरीला फिरायला जायचे तर सकाळी सातच्या आत. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासण्याची आठवणही ॲपमध्येच घालावी. डेंग्यूचे डास तेथे वाढतात.

९. हालचाली, कळा आणि बीपी

पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. २८ आठवड्यांनंतर मोजणी सुरू करावी: जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली. दहा व्हायला दोन तासही पुरले नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा हालचाल स्पष्टपणे मंदावली, तर दवाखाना गाठावा. काही जणी ‘उद्या पुन्हा मोजून बघू’ म्हणतात. ते अजिबात करू नये.

मोबाइल पोटावर ठेवून ठोके ऐकवण्याचा दावा करणारी ॲप येतात. त्यांतून बहुधा आईचीच नाडी किंवा नुसता खरखराट ऐकू येतो आणि खोटा दिलासा मिळतो. घरी बाळाचे ठोके ऐकण्याच्या डॉप्लर यंत्राबद्दलही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्येच सावध केले आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबू नये. दंडपट्ट्याच्या यंत्रावर १४०/९० किंवा अधिक आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

कळांचे घड्याळ चांगले चालते. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजायचे असते. मी आधी मधली विश्रांती मोजत होते. पाच-पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या तर निघावे, ही पहिलटकरणीसाठीची सर्वसाधारण खूण. दवाखाना लांब असेल, तर त्याआधीच निघावे.

पुढील लक्षणांत मात्र ॲप उघडून माहिती शोधत बसू नये, १०८ ला किंवा डॉक्टरांना फोन करावा: अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, डोके फुटल्यासारखे दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर अचानक सूज, झटके, बरगडीखाली तीव्र दुखणे, ताप, धाप. तळहात आणि तळपायांना रात्री असह्य खाज सुटली, तर तेही लगेच सांगावे. ती अंगावर काढण्यासारखी गोष्ट नाही.

१०. योजना आणि किलकारी

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताईंमार्फत होतो. कोणतेही खासगी ॲप हे पैसे मिळवून देत नाही. ‘हप्ता जमा करायचा आहे, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर तो ठगाचा. पैसे मिळण्यासाठी कधीही स्कॅन करावे लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

‘किलकारी’ ही केंद्र सरकारची सेवा महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झाली. नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकावर गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश मोफत येतात. साधा फोनही चालतो. माझ्या मते ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते, त्यांनी ॲपपेक्षा हीच सेवा घ्यावी. नोंदणीत नवऱ्याचा क्रमांक दिला, तर संदेश त्याच्याच फोनवर जातात. तोही ऐकेल, हा फायदा धरावा किंवा आपला क्रमांक द्यावा.

११. माहेरी जाताना किंवा माहेरी येताना

माझी नणंद पुण्याहून सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. तिचे सगळे काही मोबाइलमध्ये होते आणि फाइल पुण्याच्या कपाटात. रेल्वेतून उतरताना मोबाइल पडून पडदा फुटला. येथील दवाखान्यात सिस्टरनी रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि साखरेचे अहवाल मागितले, तेव्हा सांगता आला तो फक्त रक्तगट. आणि तोंडी सांगितलेला रक्तगट कोणी लिहून घेत नाही. सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागल्या.

म्हणून निघण्यापूर्वी मूळ कार्ड आणि फाइल हातातल्या पिशवीत घ्यावी, सामानाच्या बॅगेत टाकू नये. प्रत्येक अहवालाचा फोटो काढून घरच्या दोघांच्या मोबाइलवर ठेवावा. ॲपची पीडीएफ काढून छापावी, तिच्यावर हाताने रक्तगट, ॲलर्जी, सुरू असलेली औषधे आणि डॉक्टरांनी ठरवलेली तारीख लिहावी. नव्या डॉक्टरांकडे पहिली भेट ३४ आठवड्यांच्या आत व्हावी, अशा बेताने प्रवास ठरवावा.

१२. ॲप बंद करणे

गर्भ राहिला नाही, तरी ॲपला ते आपोआप कळत नाही. ते दर आठवड्याला बाळ केवढे झाले, हे सांगत राहते. माझ्या एका मैत्रिणीला हे दोन महिने सोसावे लागले, कारण तो पर्याय सेटिंगमध्ये कुठे आहे, हे शोधण्याइतके त्राण तिच्यात नव्हते. बहुतेक ॲपमध्ये प्रोफाइलच्या विभागात ‘गर्भ राहिला नाही’ अशा अर्थाची नोंद करता येते. हे काम त्या बाईवर सोडू नये. नवऱ्याने किंवा बहिणीने मोबाइल घेऊन ते करावे, जाहिरातींची ओळख पुसावी आणि खाते बंद करावे.

बाळ सुखरूप आले की जन्मतारीख भरल्यावर ॲप लसीकरणाकडे वळते, आणि तेथे पुन्हा परदेशी वेळापत्रक दिसू शकते. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा या जन्मावेळच्या लशी दवाखान्यातून सुटी होण्यापूर्वी कार्डावर लिहिल्या आहेत का, हे पाहावे. पुढच्या तारखा त्याच पानावरून ॲपमध्ये उतरवून घ्याव्यात. ॲप नको असेल तर आधी नोंदींची पीडीएफ काढावी, मग सेटिंगमधून ‘खाते व माहिती कायमची मिटवा’ हा पर्याय निवडावा, त्याची पुष्टी करणारा ईमेल येईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच ॲप मोबाइलमधून काढावे. नुसते काढून टाकल्याने तुमची माहिती कंपनीकडे तशीच राहते.